सरकारी कंपनीच्या बोर्डावर नेमणूक झाली? पहिल्या मीटिंगच्या आधी हे वाचा

दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी कंपनीत मी १९ वर्षं कंपनी सेक्रेटरी होते. बोर्डाची नोटीस काढायची, अजेंडा पाठवायचा, मीटिंगमध्ये अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसून लिहून घ्यायचं आणि नंतर मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं इतिवृत्त, तयार करायचे, हे माझं काम. त्या काळात बाहेरून नेमलेले स्वतंत्र संचालक पुष्कळ पाहिले. कुणी निवृत्त प्राध्यापक, कुणी सीए, कुणी डॉक्टर. बहुतेक जण सचोटीचे होते. पण पहिलं वर्ष त्यांचं गप्प बसण्यातच जायचं, कारण या खुर्चीवर बसून नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं. मुदत साधारण तीन वर्षांची. त्यातलं एक असं गेलं तर उरतं किती? लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीला हे परवडत नाही. गेल्या महिन्यात मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या एका ताईंची अशी नेमणूक झाली. त्यांच्यासोबत दोन संध्याकाळी बसून जे बोलले, तेच इथे लिहिते आहे.

पहिल्या आठवड्यातले कागद

डिन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, संमतीचा फॉर्म डीआयआर-२, अपात्र नसल्याचा डीआयआर-८, स्वतंत्र संचालकांच्या डेटाबँकेतली नोंदणी, स्वतंत्र असल्याचं प्रतिज्ञापत्र. यांत विशेष काही नाही, कंपनी सेक्रेटरी सांगतील तिथे वाचून सही करा. एमबीपी-१ हा फॉर्म मात्र घरी घेऊन जा आणि रात्री जेवणं झाल्यावर घरच्यांना सोबत बसवून भरा. तुमचा कुठे कुठे हितसंबंध आहे ते त्यात लिहायचं असतं: कंपन्या, भागीदारी, संस्था, शेअर.

ताई बदलापूरच्या एका शिक्षण संस्थेवर विश्वस्त आहेत. त्यांनी विचारलं, "अहो, ती तर सेवाभावी संस्था. तिथून मला एक रुपया मिळत नाही. तीसुद्धा लिहायची?"

म्हटलं, "तीच सगळ्यांत आधी लिहा."

कारण सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. कायद्याने ठरवलेल्या आकाराची कंपनी असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. हा पैसा कुठे जाणार, यावर सगळ्यांचा डोळा असतो. तुम्ही बोर्डावर आलात हे कळल्यावर तुमच्याच संस्थेचे मुख्याध्यापक कॉम्प्युटर लॅबसाठी अर्ज करतील, आणि त्यांचं काही चुकलं असंही नाही. पण तो विषय टेबलावर आला की चर्चा सुरू व्हायच्या आधी सांगायचं, "यात माझा हितसंबंध आहे," आणि उठून बाहेर जायचं. खोलीतच बसून नुसतं गप्प राहणं पुरत नाही. तुम्ही समोर बसलेल्या असताना कोण मोकळेपणाने नाही म्हणेल? मिनिट्समध्ये "अमुक संचालक या विषयाच्या वेळी बाहेर होत्या" असं आलंय ना, तेही नंतर बघून घ्या. हा फॉर्म दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या मीटिंगला पुन्हा द्यायचा असतो. मध्ये काही बदललं, तर त्यानंतरच्या पहिल्या मीटिंगला सांगायचं.

अजेंडा कसा वाचायचा

कंपनी कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे मीटिंगची नोटीस किमान सात दिवसांची लागते, आणि अजेंडा नोट्सही साधारण तेवढ्याच आधी मिळायला हव्यात. मीटिंगच्या आदल्या रात्री ३०० पानांची पीडीएफ आली, तर "एवढ्या वेळात वाचून होणार नाही" असं लगेच ईमेलने कळवा. फोनवर सांगितलेलं हवेत विरून जातं.

पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सगळं सारखं वाचत बसू नका. मी ताईंना सांगितलं तो क्रम असा. सुरुवात मागच्या मीटिंगच्या अॅक्शन टेकन रिपोर्टपासून करा, म्हणजे तेव्हा ठरलेल्या गोष्टींचं पुढे काय झालं त्या अहवालापासून. त्यात "कार्यवाही सुरू आहे" हे उत्तर ज्या विषयापुढे तिसऱ्यांदा आलं असेल, त्यावर खूण करा. मग अजेंड्यात "कार्योत्तर मंजुरी" हे शब्द कुठे आहेत ते शोधा. म्हणजे काम आधीच झालंय आणि आता तुमची सही हवी आहे. कधीकधी त्याला खरंच कारण असतं. पावसाळ्यात भिंत कोसळली, तर बोर्डाची वाट बघत कुणी बसत नाही. पण हे वर्षातून चारदा होत असेल, तर ती कंपनीची सवय झाली आहे. त्यानंतर प्रत्येक खरेदीच्या नोटमध्ये चार गोष्टी बघा: किती जणांनी टेंडर भरलं, वित्त विभागाची सहमती आहे का आणि ती कोणत्या अटीवर, मूळ अंदाज किती होता, आणि हा विषय बोर्डाकडेच का आला. अधिकार वाटपाचा तक्ता, म्हणजे डीओपी, पहिल्या दिवशीच मागून घ्या. तो जवळ नसेल तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कळणारच नाही.

मुंबईतल्या बोर्डांची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. मंत्रालयाचे प्रतिनिधी म्हणून आलेले संचालक दिल्लीहून सकाळच्या विमानाने येतात आणि संध्याकाळच्या विमानाने परत जातात. पेडर रोड, वरळी, वांद्रे करत एअरपोर्ट गाठायचा, म्हणजे दोन-अडीचलाच सगळ्यांची नजर घड्याळाकडे वळते. अशा वेळी अजेंड्यातला शेवटून दुसरा, तिसरा विषय पाच मिनिटांत मंजूर होतो. जड विषय तिथे कधी नकळत जातो, कधी मुद्दाम ठेवला जातो. मी स्वतः अजेंडा लावायचे, म्हणून हे छातीठोकपणे सांगू शकते. उपाय सोपा आहे. दोन दिवस आधी सेक्रेटरींना ईमेल करा, "विषय क्रमांक १७ कृपया सुरुवातीला घ्यावा." अशी विनंती नाकारणारा अध्यक्ष मी तरी पाहिला नाही.

अजेंड्यात नसलेला विषय ऐन वेळी आला, तर त्याला टेबल आयटम म्हणतात. तो घ्यायला अध्यक्षांची परवानगी आणि हजर संचालकांच्या बहुमताची संमती लागते. म्हणजे तुमच्या संमतीलाही तिथे किंमत आहे. सर्क्युलर रिझोल्यूशनचंही तसंच. ईमेलवर ठराव येतो आणि दिलेल्या मुदतीत हो-नाही कळवायचं असतं. विषय साधा असेल तर द्या. पण चर्चेशिवाय ठरवण्यासारखा नसेल, तर एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश जणांनी मागणी केली की तो प्रत्यक्ष मीटिंगमध्येच घ्यावा लागतो. हे कलम १७५ आहे. नऊ जणांच्या बोर्डात तिघे पुरतात.

"दिल्लीहून आलंय"

हे वाक्य तुमच्या कानावर येईलच. कुणी चहाच्या वेळी म्हणेल, कुणी फोनवर. मालक सरकारच आहे, त्याला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहेच. बहुतेक केंद्रीय सरकारी कंपन्यांच्या नियमावलीत राष्ट्रपतींच्या नावाने लेखी निर्देश देण्याची सोय असते, आणि असे निर्देश आले तर वार्षिक अहवालात त्यांची माहिती द्यावी लागते. म्हणून शांतपणे एवढंच विचारायचं, "लेखी निर्देश आहे का? असेल तर रेकॉर्डवर घेऊया." नसेल, तर तो एक सल्ला झाला. मग निर्णय बोर्डाचा आणि जबाबदारीही बोर्डाची.

हे न विचारल्याने काय होतं ते मुंबईने १९५८ मध्ये उघड्या सुनावणीत ऐकलं आहे. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ ला स्थापन झालं. पुरतं वर्षही व्हायच्या आत, जून १९५७ मध्ये, महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. गुंतवणूक समितीला आधी विचारलंच नव्हतं. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला. सुनावणी जाहीर झाली, गर्दी इतकी की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. वित्त सचिव म्हणत होते की मंत्र्यांची संमती होती, मंत्री म्हणत होते की नव्हती. महामंडळाचे अधिकारी सांगत होते की वरून सांगितलं म्हणून केलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. पॉलिसीधारकांचे एवढे पैसे गेले, आणि ते द्यायला कोणी सांगितलं याचा एक स्पष्ट कागद नाही! प्रत्येक नव्या संचालकाला मी ही हकीकत सांगत असे.

टेंडरच्या अटी

दुसरी हकीकतही मुंबईचीच. विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या विमानतळावर दुसऱ्या श्रेणीचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी टेंडर काढलं. अट होती पाच वर्षांच्या अनुभवाची, नोंदणीकृत हॉटेलचालकाची. काम दिलं ते ही अट पूर्ण न करणाऱ्याला. रमण दयाराम शेट्टी हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७९ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा असा: सरकारी संस्थेने स्वतः जाहीर केलेली अट तिला स्वतःला बांधून ठेवते. कोर्टात यायला उशीर झाल्यामुळे अर्जदाराच्या हाती काही लागलं नाही, पण तत्त्व कायमचं रुजलं. मला हा निकाल प्रिय आहे, कारण त्यात एका साध्या माणसाचा विचार आहे. जाहिरात वाचून "माझा तीनच वर्षांचा अनुभव आहे, मी कशाला भरू?" असं म्हणून जो घरी बसला, त्याच्यावर अन्याय झाला.

म्हणून नोटमध्ये "अट शिथिल करून" असं लिहिलेलं दिसलं, तर विचारा: ही सूट जाहिरातीतच होती, की एकच पाकीट आलंय हे कळल्यावर दिली?

मिनिट्स

आता मला सगळ्यांत जवळचा विषय.

२०१६ चं साल. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक संचालक म्हणून आले होते. अजेंड्याची छापील प्रत मागून घ्यायचे आणि टोक केलेल्या पेन्सिलीने समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहून आणायचे. त्या दिवशी कळंबोलीचं एक गोदाम तीन वर्षांसाठी भाड्याने घ्यायचा विषय होता. टेंडर नाही, एकाच मालकाचा प्रस्ताव, चौरस फुटाला महिना १९ रुपये. सरांनी विचारलं, "आजूबाजूला काय भाव चालू आहे?" संबंधित संचालक म्हणाले, "बाजारभावच आहे, सर." सर म्हणाले, "मी शनिवारी त्या बाजूला गेलो होतो. रस्त्यापलीकडे तेराची पाटी आहे. दोन्ही गोदामं सारखी नसतीलही. पण आपण तीन ठिकाणचे भाव तरी मागवले का?" क्षणभर शांतता. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या मीटिंगला भाव ठेवा, तोवर मंजूर."

मी मिनिट्स काय लिहिले? "चर्चेअंती प्रस्ताव मंजूर करण्यात आला."

बोर्डाच्या मीटिंगांचे नियम ठरवणारं सेक्रेटेरियल स्टँडर्ड तेव्हा लागू झालेलं होतं, १ जुलै २०१५ पासून. मिनिट्सचा मसुदा १५ दिवसांत सगळ्यांना पाठवायचा, संचालकांनी सात दिवसांत हरकत कळवायची, आणि ३० दिवसांच्या आत तो मिनिट्स बुकात चढवायचा. सरांचं पत्र सहाव्या दिवशी आलं, सुवाच्य मराठीत. तुलनात्मक भाव मागितल्याचा आणि ते पुढच्या मीटिंगला ठेवण्याचं ठरल्याचा उल्लेख करावा, एवढंच त्यात होतं. मी फोन केला. म्हटलं, "सर, तुम्ही विरोध तर केला नव्हता. मग वेगळं लिहायची काय गरज?" ते म्हणाले, "मॅडम, विरोध केला असं लिहा म्हणतच नाही मी. विचारलं होतं, एवढंच लिहा. जे झालं ते लिहायचं ना?"

अध्यक्षांना ते रुचलं नाही. मलाही तेव्हा वाटलं, हे उगाच ताणतायत. पण वाक्य घातलं. आज मान्य करते, पहिला मसुदा लिहिताना मी अध्यक्षांच्या सोयीचं लिहिलं होतं. माझं काम ते नव्हतं.

तेव्हा मसुदा आला की सात दिवसांची ही मुदत कॅलेंडरवर टाकून ठेवा. तुम्ही काय विचारलं, उत्तर काय मिळालं, कोण काय आणून देणार होतं, हे आलंय का बघा. खरोखर असहमत असाल, तर मीटिंगमध्येच स्पष्ट सांगा, "माझी असहमती नोंदवा." तुमच्या नावासकट ती नोंदवणं सेक्रेटरींवर बंधनकारक आहे. कलम १४९(१२) सांगतं की स्वतंत्र संचालकावर जबाबदारी येते ती त्याच्या माहितीने, बोर्डाच्या कामकाजातून कळलेल्या आणि त्याच्या संमतीने किंवा संगनमताने झालेल्या गोष्टींची. दक्षतेने न वागल्याचीही येते. तुम्ही दक्ष होता हे दाखवणार कशाने? त्या बुकानेच.

ऑडिट

ऑडिट कमिटीवर घेतलं तर हो म्हणा, कामाचं मर्म तिथेच कळतं. सरकारी कंपनीचा ऑडिटर कॅग, म्हणजे भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतो. त्याचा अहवाल हाती आल्यापासून ६० दिवसांत कॅग स्वतः पूरक तपासणी करू शकतो. प्रलंबित ऑडिट पॅरांची, म्हणजे ऑडिटमधल्या आक्षेपांची, यादी दर तिमाहीला मागा, आणि सगळ्यांत जुना पॅरा आधी वाचा. पुढे कॅगचे अहवाल संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीसमोर जातात. या समितीत २२ खासदार असतात आणि ती १९६४ पासून काम करते आहे. वर्षातून एकदा स्वतंत्र संचालकांची, अधिकाऱ्यांशिवाय, वेगळी मीटिंग व्हायला हवी. ती कागदावरच होऊ देऊ नका. त्या दिवशी मुख्य दक्षता अधिकाऱ्यांना, म्हणजे सीव्हीओंना, अर्धा तास तुमच्याकडे बोलवा.

घरी येणारे लोक

दिवाळीच्या आधी दारावर सुकामेव्याचा खोका येईल. त्यावर कंत्राटदाराचं कार्ड असेल. तुम्ही घरी नसाल, सासूबाई घेऊन ठेवतील. रागावू नका. त्याच दिवशी तो कंपनीच्या दक्षता विभागाकडे पाठवा, सोबत दोन ओळींची चिठ्ठी आणि पोहोच. सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा की अशी पार्सलं घ्यायची नाहीत.

कुणी भाच्यासाठी नोकरीचं विचारेल. गरज खरी असते, तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मी म्हणायचे, "जाहिरात आली की लिंक पाठवते, अर्ज भरायला मदतही करते. त्यापुढे माझा शब्द चालत नाही, आणि चालू नये." लोक दुखावतात, पण पुन्हा विचारत नाहीत.

कंपनी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, असेल तर दादरचे काका विचारणारच, "काय गं, तुमचा शेअर घेऊ का?" एक शब्दही बोलायचा नाही. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे तुम्हाला कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत, आणि ते बंधन घरच्या जवळच्या माणसांनाही लागू होतं. नवऱ्याच्या डीमॅट खात्यात काय आहे हे माहीत नसेल, तर आजच विचारा.

कर्मचारी तक्रार घेऊन घरी आला, तर चहा द्या, पूर्ण ऐकून घ्या आणि त्याला योग्य दार दाखवा. गैरप्रकार कळवणाऱ्यांसाठी कंपनीची व्हिसल ब्लोअर व्यवस्था असते, ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जाता येतं. केंद्रीय दक्षता आयोगाकडे २००४ च्या ठरावाप्रमाणे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. त्याचं नाव तुमच्या तोंडून कुठेही जाता कामा नये, लिफ्टमध्येसुद्धा.

ताईंनी शेवटी विचारलं, मुदत संपल्यावर काय? तर, आपल्या काळातल्या मीटिंगांचे मिनिट्स नंतरही पाहण्याचा हक्क तुम्हाला राहतो. मुख्याध्यापक सरांना तो वापरावा लागला. तुलनात्मक भाव बोर्डापुढे कधीच आले नव्हते आणि सर दोनदा विचारून निवृत्त झाले होते. मग गोदामाच्या भाड्यावर ऑडिट पॅरा निघाला आणि त्या वेळच्या संचालकांना पत्रं गेली. सर डोंबिवलीहून लोकलने आले. मी मिनिट्स बुक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा बदलला, पानावरून बोट फिरवत ती ओळ शोधली, दोनदा वाचली. मग पुढच्या मीटिंगच्या पानावरची ओळ वाचली, त्यांनी पुन्हा विचारल्याची. खिशातून तीच टोकदार पेन्सिल काढून वहीत पान क्रमांक उतरवून घेतले आणि मला म्हणाले, "मॅडम, याच्या सही-शिक्क्याच्या प्रती मिळतील का? उत्तर आजच लिहून टाकतो."